वेई रुई: सत्तरच्या आसपास विजय, पण घरचे किती आणि बाहेरचे किती?

तिसरी_फेरी

वेई रुईवर मराठीत काहीच सापडत नाही, म्हणून हा धागा काढतोय. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: चीनच्या हेनान प्रांतातला, १९९१ चा जन्म, डावखुरा. लढाईतलं टोपणनाव 'डेमन ब्लेड'. २५ फेब्रुवारी २०१७ ला टोकियोत एकाच रात्री तीन लढती जिंकून के-वन या जपानी किकबॉक्सिंग संघटनेचा ६३ किलो गटाचा पट्टा (अजिंक्यपद) त्याने घेतला. तो पट्टा मिळवणारा पहिला चिनी. मार्च २०१८ मध्ये जपानच्याच कोया उराबेने तो काढून घेतला. मग बरीच वर्षं बहुतेक लढती मायदेशात. मे २०२४ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियातल्या मोठ्या लढत-संघटनेत आला आणि बँकॉकला माजी विजेत्या हिरोकी अकिमोतोला एकमताने हरवलं. २० फेब्रुवारी २०२५ ला कतारमध्ये जोनाथन हॅगर्टीच्या किकबॉक्सिंग पट्ट्यासाठी उतरला, पाच फेऱ्या टिकला आणि तिन्ही पंचांच्या मते हरला.

विजय सत्तरच्या आसपास, पराभव हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोन गोष्टींवर मतं हवीत. हा आकडा कितपत खरा मानायचा? आणि सांडा खेळून आलेल्या माणसाला किकबॉक्सिंगमध्ये सांडाचा फायदा होतो की तोटा? माझ्या मते तोटाच.

---

उकडीचा_मोदक

आधी हे सांगा, सांडा म्हणजे नक्की काय सांडलं?

---

बाराखडी

मोदक, तुम्ही गंमत केलीत, पण नेम बरोबर लागला. चिनीत 'सान' म्हणजे विखुरलेलं, सुटं, मोकळं. 'दा' म्हणजे मारणे. वुशू म्हणजे चिनी युद्धकला, तिच्या खेळात दोन शाखा आहेत. ताओलू म्हणजे ठरलेल्या हालचालींचं सादरीकरण. सांडा म्हणजे काहीही न ठरवता समोरच्याशी मोकळी मारामारी. तेव्हा 'सांडलेलं' हा अर्थ अगदीच वावगा नाही. नियम बांधून खेळ म्हणून प्रयोग सुरू झाले ते १९७९ पासून. आशियाई स्पर्धांत वुशू १९९० ला बीजिंगमध्ये आलं, सांडा १९९८ ला बँकॉकमध्ये.

---

उकडीचा_मोदक

आयला! असंच काहीतरी बोलत राहतो, ज्ञान आपोआप पडत राहील.

---

पंचाक्षरी

तोटा की फायदा हे ठरवायच्या आधी सांडाची गुणमोजणी बघा, कारण खेळाडूच्या सवयी तिथेच घडतात.

मंच ८ बाय ८ मीटर, ८० सेंटिमीटर उंच, भोवती दोर नाहीत. खाली गाद्या. दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. दोन फेऱ्या जिंकल्या की लढत संपली. डोक्यावर किंवा धडावर लाथ बसली तर २ गुण. समोरच्याला आपटून स्वतः उभे राहिलात तर २. तो मंचावरून खाली पडला तरी २, आणि एकाच फेरीत दोनदा पडला तर फेरीच गेली. ठोशाला १, मांडीवरच्या लाथेला १. मिठी मारून दोन सेकंदांत काही केलं नाही तर पंच सोडवतो.

आता हिशोब करा. तुम्ही जीव तोडून मांडीवर लाथ मारली, मिळाला १. समोरच्याने तीच लाथ धरून तुम्हाला आडवं केलं, त्याला २. म्हणजे मांडीवर लाथ मारणं हा आतबट्ट्याचा धंदा. म्हणून सांडावाले ती कमी मारतात. आणि कमी मारतात म्हणून अडवायलाही नीट शिकत नाहीत. के-वनमध्ये पहिल्या फेरीपासून तिथेच मार पडतो.

---

लाल_माती

पंचाक्षरी, बरोबर, पण 'धरून आडवं केलं' एवढ्यावर सोडू नका, तिथेच तर मजा आहे. आपल्याकडच्या कुस्तीतल्या पटासारखाच प्रकार, फक्त इथे पाय आयता हातात येतो. कमरेच्या उंचीची लाथ आली की मागे हटायचं नाही, अर्धं पाऊल पुढे घ्यायचं म्हणजे लाथेचा जोर मांडीच्या वरच्या भागात येतो आणि निम्मा होतो. हात खालून घालून पोटरी कोपराच्या खोबणीत अडकवायची. दुसरा हात मानेवर किंवा खांद्यावर. मग त्याच्या उभ्या पायाला बाहेरून टांग, आणि वरचा हात टांगेच्या उलट दिशेला. हे सगळं दोन सेकंदांत.

चुकतं कुठे, तर पाय नुसता हाताने पकडायला जातात. मनगटावर लाथ बसते आणि पुढचे दोन आठवडे मूठ वळत नाही. दुसरी चूक म्हणजे पाय धरल्यावर सरळ मागे ढकलणं. तो एका पायावर उड्या मारत मागे जातो, दोन सेकंद संपतात, गुण शून्य.

---

डावा_पाय

आणि हीच कला के-वनमध्ये शून्य किमतीची. पाडलं तर गुण नाही, पुन्हा पुन्हा केलं तर ताकीद, मग गुण कापला जातो. सांडातून आलेल्या पोरांचं पहिलं वर्ष हात आवरण्यात जातं. लाथ आली की हात आपोआप खाली जातो, आणि हात खाली गेला की जबडा उघडा. जपानी ठोसेबाज याचीच वाट बघत असतात: मधल्या उंचीवर लाथेची हूल, हात खाली आला की वर डावा हुक.

पण तिसरी_फेरी, नुसता तोटा म्हणणं मला पटत नाही. पाय धरला जाईल या धाकाने सांडावाला लाथ मारतो ती खूण न देता आणि झटकन परत घेतो. खांदा आधी हलत नाही, हात आधी फिरत नाही. ही बिनखुणेची लाथ किकबॉक्सिंगमध्ये सोन्यासारखी आहे. तिच्यात जोर कमी असतो, कारण पाय परत घ्यायचा म्हणून कंबर पूर्ण फिरवलेली नसते. वेई रुईने मिळवलं ते इथे: निघताना सांडाची लाथ, लागताना थाई लाथ. धरण्याला बंदी असेल तर कंबर पूर्ण घालता येते, हे त्याच्या पायाला कळलंय. त्याच्या बरोबरीच्या अनेकांना डोक्याने कळलं, पायाला नाही.

---

निवांत

+१. वाचतोय.

---

झेंगझोऊ_एक्सप्रेस

आकड्यांबद्दल बोलू, कारण त्यावर सगळे कानाडोळा करतायत.

चीनमध्ये खेळाडू घडतो तो निवासी वुशू शाळा, प्रांताचा संघ, मग व्यावसायिक लढती या वाटेने. हेनानला तर शाओलिनमुळे डेंगफेंगच्या आसपास वुशू शाळांची गर्दी आहे. त्यात हेनान टीव्हीवर 'वुलिनफेंग' हा लढतींचा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. २०१४ ला कुनलुन फाइट ही लढती भरवणारी दुसरी मालिका आली. एवढी मंचांची रेलचेल असेल तर चांगला खेळाडू वर्षात सहा-आठ लढती सहज करतो. युरोपातल्या माणसाला तीन मिळताना मारामार. म्हणजे सत्तर ही संख्या तिथे अवघड नाही.

आता दर्जा. टीव्हीचा साचा ठरलेला: चीन विरुद्ध परदेशी. यजमानाला तयारीला वेळ भरपूर, पाहुणा अनेकदा उशिरा ठरलेला, प्रवासातून थकून आलेला. खरे तगडे पाहुणेही येतात, पण त्यांच्यामध्ये भरणाही असतो, म्हणजे नुसती जागा भरायला आणलेले कच्चे लोक. शिवाय नोंदी ठेवणारे हौशी लढती, एका रात्रीच्या स्पर्धेतल्या लढती वेगवेगळ्या पद्धतीने धरतात, म्हणून एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. त्यामुळे मी आकडा सरळ बाजूला ठेवतो.

---

पंचाक्षरी

असहमत. हाच न्याय थाई लोकांना लावा की. बँकॉकमधल्या कुणाच्याही नावावर शंभर-दोनशे लढती असतात, सगळ्या घरच्याच मैदानावर, आणि आपण आदराने मान डोलावतो. चिनी माणसाच्या सत्तर दिसल्या की मात्र लगेच 'भरणा' आठवतो.

---

झेंगझोऊ_एक्सप्रेस

थाई माणूस घरी लढतो तेव्हा समोरही थाईच असतो, म्हणजे त्या खेळातला जगातला सर्वोत्तम. आणि तिथे जुगार लावणारे बसलेले असतात. उगाच निकाल फिरवला तर प्रेक्षक पंचाला घरी जाऊ देत नाहीत. :)

---

उकडीचा_मोदक

तो भगव्या कफनीतला शाओलिन भिक्षू, हात खाली सोडून तोंडावर ठोसे खायचा, तो हाच का?

---

झेंगझोऊ_एक्सप्रेस

नाही हो, तो यी लाँग. वुलिनफेंगमुळेच गाजला. शाओलिन मंदिराने तो आमचा भिक्षू नाही असं जाहीर केलेलं आहे. २०१५ मध्ये नामवंत थाई खेळाडू बुआकावकडून हरला, २०१६ ला परतीच्या लढतीत त्याला विजयी दिलं आणि त्या निकालावर जगभर बोंबाबोंब झाली. तिकिटं त्याच्या नावावर खपली. पण त्याच्यामुळे त्या मंचावरच्या वेई रुई, च्यू जियानलियांगसारख्या अस्सल लोकांकडेही जग संशयाने बघायला लागलं. मोदक, तुमचाच घोळ बघा ना, चिनी किकबॉक्सर म्हटलं की कफनीच आठवते.

---

वजनकाटा

एक मुद्दा कुणीच घेतला नाही. २०१७ ला हा माणूस ६३ किलोत लढला, वन चॅम्पियनशिपमध्ये ६५.८ किलोत (१४५ पौंड). वाचणाऱ्याला वाटतं वजन चढवून वरच्या गटात गेला. तसं नाही.

के-वनमध्ये आदल्या दिवशी काट्यावर उभं राहायचं. म्हणजे शेवटच्या दोन-तीन दिवसांत मीठ तोडायचं, पाणी तोडायचं, गरम पाण्याच्या टबात घाम काढायचा, काट्यावर ६३ दाखवायचं आणि मग २४ तासांत जमेल तेवढं परत भरायचं. वनमध्ये वजनाबरोबर लघवीची घनता तपासतात, मर्यादा १.०२५. पाणी म्हणजे १.०००. शरीर सुकवलं की आकडा १.०३० कडे सरकतो आणि तुम्ही नापास. म्हणजे तिथलं ६५.८ हे पाणी प्यायलेलं वजन आहे. दोन्हीकडचा देह जवळपास तोच असू शकतो, फक्त एकीकडे पिळलेला.

याचा त्याच्यासारख्याला फायदाच. सुकवलेल्या शरीरात तिसऱ्या फेरीत आधी पाय जातात. जो माणूस पायावर नाचून अंतर राखतो त्याचं दुकान तिथेच बंद होतं. मात्र समोरचाही पाणी प्यायलेलाच असतो, आणि त्या गटात हाडापेराने मोठे लोक असतात.

---

तिसरी_फेरी

वजनकाटा, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग एका रात्रीत तीन लढती त्याने पिळलेल्या शरीरावर केल्या, असं?

---

वजनकाटा

आठही जणांनी तशाच केल्या, म्हणून कुणालाच वेगळी सवलत नाही. अशा स्पर्धेत जिंकतो तो सगळ्यांत जोरात मारणारा नव्हे, तर सगळ्यांत कमी खाणारा. पहिल्या लढतीत नडगीवर नडगी आपटली की तासाभरात सुजते. दुसऱ्या लढतीत त्या पायाने लाथ मारायची हिंमत होत नाही, आणि अंतिम लढतीत समोरचा तेवढंच शोधतो. मधल्या वेळात करायचं काय? सुजेवर बर्फ, पण १० मिनिटांच्या वर नाही, नाहीतर स्नायू आखडतो. घोट घोट पाणी, थोडी साखर, पोटभर काही नाही. हाताच्या पट्ट्या सैल झाल्या असतील तर पुन्हा बांधायच्या. आणि आडवं पडायचं नाही, पडलात तर उठवत नाही.

वेई रुईच्या अंतिम लढतीत समोर गोन्नापार वीरासाकरेक होता, पाय तोडण्यात पटाईत थाई. त्याच्यापर्यंत पाय शाबूत ठेवून पोचणं हेच अर्धं काम.

---

डावा_पाय

शाबूत कसे ठेवले ते सांगतो, म्हणजे माझा आवडता विषय निघाला.

वेई रुई उजवा पाय पुढे ठेवतो, समोरचा बहुधा डावा. दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात आणि वाट उघडी पडते. त्याच्या डाव्या लाथेसमोर येते प्रतिस्पर्ध्याची उजवी कूस, आणि यकृत तिथेच. लाथ अडवायला समोरच्याने उजवा हात खाली घेतला तर डावा सरळ ठोसा मधून आत. हात वर ठेवला तर लाथ. डाव्या पायाने आणि डाव्या हाताने एकाच रांगेतून धमकी. दोन्हींची सुरुवात सारखीच दिसली पाहिजे, डावी टाच उचलली जाते इथपर्यंत. पुढे काय येणार हे समोरच्याला अर्ध्या सेकंदाने उशिरा कळतं. अगदी सोपं आहे. सोपं असूनही दहा वर्षं चाललं, कारण टाचेनंतरचं तो लपवू शकतो.

पुढचा उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर पडला पाहिजे, ही अट. आत पडला तर उलटा हिशोब: समोरच्याचा उजवा सरळ तुमच्या हनुवटीच्या रेषेत. आणि मांडीचं म्हणाल तर समोरच्याच्या मागच्या उजव्या पायाची लाथ डावखुऱ्याच्या पुढच्या पायाला आतून लागते. बाहेरून मारायची तर त्याला पुढच्या डाव्या पायाने मारावी लागते, जिच्यात जोर कमी. म्हणजे डावखुऱ्याला नुसत्या उभं राहण्यानेच पंचाक्षरींनी सांगितलेल्या रोगावर निम्मा उतारा मिळतो. उजव्या पवित्र्यातल्या सांडावाल्याला ही सोय नाही. म्हणून मला वाटतं, सांडावाला म्हणून नव्हे तर *डावखुरा* सांडावाला म्हणून तो टिकला.

---

लाल_माती

हे 'आतून लागते' म्हणून कमी लेखू नका. आतली लाथ वारंवार बसली की पवित्रा उघडा पडतो, पाय बाहेर फेकला जातो आणि त्याच क्षणी हाताने आत शिरतात. लागते कमी, तोल जास्त घालवते. तोल गेला की तुमची ती टाच काय उचलणार?

---

डावा_पाय

मान्य. आणि त्याच्यावर डाव टाकायचा असेल तर हाच टाकावा. उपाय म्हणून नडगी बाहेर वळवून उचलायची असते, फार वर नाही, वीतभर पुरे. सांडाचा आडवा, अरुंद पवित्रा असेल तर वजन पुढच्या पायावर अडकतं आणि ती वीतसुद्धा उचलत नाही. वेई रुईचा पवित्रा २०१७ च्या चित्रफितीत बऱ्यापैकी चौकोनी आहे, म्हणजे ते काम कुणीतरी करून घेतलेलं आहे.

---

सोयाबीन

अवांतर: भारताचा यात काही संबंध आहे का? की आपण फक्त बघ्याचीच भूमिका?

---

बाराखडी

सांडात आहे, आणि चांगला आहे. मणिपूरची रोशिबिना देवी: २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ६० किलोत कांस्य, हांगझोऊला (२०२३ मध्ये झाली ती) रौप्य. अंतिम फेरीत चीनच्या वू शियाओवेईकडून ०-२. पंचाक्षरींनी वर सांगितलेली दोन फेऱ्यांची पद्धत ती हीच, तिसरी फेरी झालीच नाही. रोशिबिनाने ते पदक मणिपूरच्या लोकांना अर्पण केलं होतं. त्याआधी पूजा कादियानने २०१७ च्या कझान जागतिक स्पर्धेत ७५ किलोत सुवर्ण आणलं, आणि २०१९ ला शांघायमध्ये प्रवीण कुमारने ४८ किलोत.

व्यावसायिक किकबॉक्सिंगमध्ये मात्र यांच्यापैकी कुणाला वेई रुईसारखी वाट नाही. तिथे हौशी सांडा संपला की टीव्हीचा मंच तयार असतो. इथे पदकानंतर नोकरीचा अर्ज तयार असतो.

---

उकडीचा_मोदक

बाराखडींचं शेवटचं वाक्य चौकटीत लावा कुणीतरी.

---

निवांत

मूळ प्रश्नाचं काय झालं? धागाकर्ते काडी टाकून पसार झालेले दिसतात.

---

तिसरी_फेरी

इथेच आहे, वाचतोय आणि हळूहळू तोंड लपवतोय. 'तोटाच' हा शब्द मागे घेतो. आकड्याबद्दल मात्र झेंगझोऊंच्या बाजूने. घरची बेरीज सोडून मी वर दिलेल्या बाहेरच्या चार रात्री घेतल्या तर टोकियो जिंकला, उराबेकडून हरला, बँकॉक जिंकला, कतार हरला. दोन-दोन.

---

पंचाक्षरी

दोन-दोन म्हणताना वजन बघा ना. टोकियोची एक रात्र म्हणजे तीन विजय. आणि दोन्ही हार पट्ट्याच्या लढतीत. पट्ट्यासाठी बोलावणं येण्याइतका तो दोन वेगवेगळ्या संघटनांत, सात वर्षांच्या अंतराने टिकला. मधली २०२० ते २०२२ ही वर्षं चीनच्या बंद दरवाज्यांची. त्या काळात तिथला कुठलाच खेळाडू बाहेर फारसा दिसला नाही, त्याचं खापर याच्या एकट्यावर फोडू नका. अठ्ठाविसाव्या ते एकतिसाव्या वर्षापर्यंतचा तो काळ, म्हणजे लढणाऱ्या माणसाचा ऐन भर.

दुसरं, पाच फेऱ्या. वनमध्ये साधी लढत तीन फेऱ्यांची, पट्ट्याची पाच, प्रत्येक तीन मिनिटांची. दर फेरी जिंकणाऱ्याला १०. थांबून, वाट बघून, एकेक टिपणाऱ्या माणसाला हे महागात जातं. बरोबरीच्या फेरीत पंच पुढे चालून येणाऱ्याकडे झुकतात, जास्त मारणाऱ्याकडे झुकतात. के-वनमध्ये अशा फेऱ्यांना १०-१० देऊन सोडतात आणि शेवटी जादा फेरी घेतात. म्हणजे थोडं मारणाऱ्यालाही तिथे श्वास मिळतो. वनमध्ये पहिल्या दोन फेऱ्या 'बघू' म्हणून घालवल्यात तर उरलेल्या तिन्ही जिंकाव्या लागतात.

---

झेंगझोऊ_एक्सप्रेस

हे पटलं. म्हणजे प्रश्न घरच्या मैदानाचा कमी, घरच्या *लांबीचा* जास्त. तीन फेऱ्यांच्या शंभर लढती केल्या तरी चौथ्या फेरीत फुफ्फुसं काय म्हणतात ते कळत नाही.

---

सोयाबीन

मला गुणमोजणी जमत नाही. अकिमोतोची लढत बघायला घेतोय, कशाकडे लक्ष ठेवू?

---

डावा_पाय

समालोचन बंद करा. पहिल्या फेरीत चेहऱ्यांकडे बघूच नका, फक्त दोघांच्या पुढच्या पायांकडे बघा आणि बाहेरची जागा कोण घेतोय ते मोजा. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा वेई रुईची डावी टाच. कागदावर दोन रकाने करा: टाच उचलली आणि हात आला, टाच उचलली आणि पाय आला. हाताआड लागलेली लाथ मोजू नका, पण अकिमोतो तिने हलला असेल तर मोजा.

---

लाल_माती

आणि लाथ आली की वेई रुईचा उजवा हात पोटरीकडे जातो का ते बघा. अंगवळणी पडलेला पट आहे तो, सत्तर लढतींनी पुसला की नाही तिथेच कळेल.

---

सोयाबीन

कागद काढला. तिसरा रकाना वाढवलाय: 'सांडलं'.